टाच आणि तिसरा मजला

टाचदुखीला समाजात मान नाही. गुडघा दुखतो म्हटलं की लोक उठून खुर्ची देतात. छातीत दुखतं म्हटलं की रिक्षा बोलावतात. टाच दुखते म्हटलं की समोरचा आधी आपल्या चपलेकडे बघतो आणि मग म्हणतो, "चालता का रोज?" अहो, चालता येत नाही म्हणूनच तर सांगतेय!

सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल खाली टाकलं की टाचेत कुणीतरी खिळा ठोकून ठेवल्यासारखं व्हायचं. भिंत धरून, टीव्ही धरून, फ्रिज धरून मी मोरीपर्यंत जायची. माझी सून रुचिका म्हणायची, "आई, तुम्ही घरातच गिरगाव चौपाटी करताय." पुढे थोडं चालल्यावर ठणका बसायचा आणि मीही त्याला विसरायची, म्हणून हे सगळं दोन वर्षं चाललं. ते तसंच आणखी चाललं असतं, पण हबीबाचा फोन आला.

हबीबा म्हणजे माझी नारपोलीची मैत्रीण. माझं माहेर भिवंडीतल्या नारपोलीचं. आमची घरं भिंतीला भिंत होती. तिच्या आईने चुलीवर मासे ठेवले की माझी आई आमच्याकडे भात टाकायची. शाळेत बरोबर जायचो, शेतांच्या बांधावरून, पुढे ती आणि मागे मी, कारण बांधावर दोघींना शेजारी चालता येत नाही. पुढे तिथे कापडाचे लूम आले, लूमवर माळे आले. माझ्या भावाने घर विकलं आणि तो कल्याणला गेला. मग तोही देवाघरी गेला. आता माहेर म्हणून जे काय उरलं होतं ते हबीबाच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. त्या इमारतीला लिफ्ट नाही आणि जिना असा की वाटतं बांधणाऱ्याने आधी इमारत बांधली आणि मग त्याला जिन्याची आठवण झाली.

तिच्या कंबरेचं हाड मोडल्यापासून ती खाली उतरत नव्हती. माझ्या टाचेमुळे मी वर चढत नव्हते. दोन वर्षं आम्ही फोनवर एकमेकींना ओरडत होतो, कारण कानही दोघींचे सारखेच.

"कमळे, ऐकतंस ना गो?" ती म्हणाली. "बिल्डिंग खाली करायची नोटीस आलीय. धोकादायक म्हणे. अदनान भाड्याच्या खोलीत जातोय, मला रमशा नेतेय श्रीवर्धनला."

अदनान तिचा मुलगा, रमशा मुलगी. मी विचारलं, "कधी?"

"ईद झाली की. ईद हितंच करणार. तू एकदा येऊन जा. माझ्या घरात बसून चहा पिऊन जा."

संध्याकाळी मी हे हितेशला सांगितलं. हितेश माझा मुलगा, गुणाचा आहे. तो म्हणाला, "आई, व्हिडिओ कॉल लावून देतो ना." मी म्हटलं, "तुझ्या लग्नालाही व्हिडिओ कॉलच करायला हवा होता." त्यावर रुचिकाला उगाचच हसू आलं.

म्हणजे प्रश्न एवढाच होता. ईद होईपर्यंत माझी टाच तिसरा मजला चढण्यालायक करायची.

ही बातमी आमच्या मजल्यावर पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या चंद्राबाई त्याच दिवशी रुईची पानं आणि वीट घेऊन आल्या. वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं, पानावर टाच दाबायची. हा उपाय मला माहीत होता, माझ्या सासूने केलेला मी पाहिला आहे. पण सासूची चूल अंगणात होती. आमची वीट गॅसवर तापवली तेव्हा घरात एवढा धूर झाला की सोसायटीचे सेक्रेटरी रामनाथ आग विझवायचं नळकांडं घेऊन आले. ते त्यांना उघडता आलं नाही ही ईश्वराची कृपा. मात्र आल्यासारखे ते बसले आणि म्हणाले, "काकू, लोहचुंबकाची चप्पल घ्या. माझ्या मेव्हण्याला फार फरक पडला."

"त्यांची टाच दुखत होती?"

"नाही, त्याला झोप येत नव्हती."

माझी नणंद हौसा गावातून मुद्दाम बघायला आली. तिने माझा पाय मांडीवर घेतला, उलटसुलट केला आणि निकाल दिला, "काय न्हाय झालं हिला. लाद्यांवर ऱ्हायला लागली ना, पाय रुसलाय. भुईवर चाल, बरा व्हतंय." मी तिला बाल्कनीत नेलं आणि म्हटलं, "दाखव, कुठे आहे भुई?" खाली काँक्रीट, पलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे गोदामं, गोदामांपुढे ट्रक. हौसाने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "चाय टाक."

शेवटी हितेश मला ठाण्याच्या पायांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. पायांचे वेगळे डॉक्टर असतात हे मला माहीत नव्हतं. ते तरुण होते आणि फार प्रेमाने बोलत होते. त्यांनी मला अनवाणी चालायला लावलं, मागून बघितलं, पुढून बघितलं. मुलगी बघायला आले होते तेव्हासुद्धा मला एवढं चालवलं नव्हतं, आणि तेव्हा तर मी पसंत पडले होते.

"आजी, तळपायाची कमान बसलीय," ते म्हणाले. "टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याला एक पट्टा असतो. त्याच्यावर ताण येतो आणि तो टाचेशी सुजतो. तुमच्या पायाच्या मापाचे इनसोल बनवू, बुटात घालायचे. चष्मा कसा ज्याचा त्याला असतो, तसंच. दुसऱ्या कुणाला चालणार नाहीत."

मग त्यांनी एक खोका पुढे ठेवला. त्यात मऊ फोम होता, सपाट, गुलाबी. म्हणाले, पाय ठेवा, मी वरून दाबतो, ठसा उमटेल.

मी पाय ठेवला. तो हळूहळू आत गेला. आधी टाच, मग चवडा, मग एकेक बोट. खालून थंड, बाजूंनी पकडून ठेवणारं. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी भातलावणीच्या खाचरात उभी होते. घोट्यापर्यंत चिखल, हातात रोपांची जुडी, शेजारच्या ओळीत सासू, आणि पाय उचलला की होणारा तो आवाज. किती वर्षांनी माझ्या पायाखाली काहीतरी दबलं होतं!

"आजी, झालं. उचला पाय."

"राहू द्या थोडा वेळ," मी म्हटलं.

डॉक्टरांनी हितेशकडे पाहिलं. हितेशने छताकडे पाहिलं.

खर्चाचं मेडिक्लेममधून होतं का बघावं म्हणून हितेशने घरी आल्यावर फोन लावला. स्पीकरवर एक मुलगी होती. ती म्हणाली, "सर, पायात घालायचं असेल तर ते चप्पल-बूट धरतात. ते बसत नाही."

"आणि पायाच्या आत घातलं तर?"

"ते ऑपरेशन, सर. ते बसतं."

"मग आतच घाला म्हणावं," रुचिका स्वयंपाकघरातून म्हणाली. माझी सून बोलायला चांगली आहे, फक्त वेळ चुकते.

इनसोल पुण्याला बनून पार्सलने येणार होते. हितेश रोज मोबाइलवर बघायचा पार्सल कुठे पोहोचलं. एके दिवशी म्हणाला, "आई, भिवंडीत आलं! आपल्या समोरच्याच गोदामात आहे." मी बाल्कनीतून बघितलं. निळ्या पत्र्याचं ते मोठं गोदाम. दुसऱ्या दिवशी पार्सल आलं नाही. तिसऱ्या दिवशी मोबाइल म्हणाला, पार्सल नाशिकला निघालं. ईद चार दिवसांवर आली होती. हितेश कामावर होता. मी पदर खोचला आणि लंगडत रस्ता ओलांडला. त्या रस्त्यावर ट्रक कुणासाठी थांबत नाहीत, पण लंगडणारी म्हातारी बघून एकजण थांबला. त्याला मनातल्या मनात आशीर्वाद दिला.

गोदामाच्या दारावर वॉचमन होता. "माताजी, गेट पास?"

आता हे सांगायलाच हवं. ते गोदाम जिथे आहे तिथे आमचं मोठं खाचर होतं. तो जिथे खुर्ची टाकून बसला होता तिथे बांध होता, आणि बांधावर आंब्याचं एक वेडंवाकडं झाड. जमीन आम्हीच विकली, आमच्या सह्यांनी विकली, तक्रार कुणाकडे करणार? पण आपल्याच खाचराच्या तोंडाशी आपल्याला कुणी पास मागितला की माणसाच्या तोंडून काहीतरी निघून जातं.

"अरे बाबा," मी म्हटलं, "ये मेरा खेत है. मैं इधर भात लावती थी."

त्याने मान डोलावली आणि आदराने विचारलं, "किस कंपनी में, माताजी?"

तेवढ्यात आतून सुपरवायझर आला. तो आमच्या गावातला भावेश निघाला. "काकू, तुम्ही हितं कशाला?" मी त्याला सगळं सांगितलं. तो आत गेला, कॉम्प्युटरवर बघून आला.

"काकू, पार्सल आत हाय. पण देता येत न्हाय. ते नाशिकला निघालंय."

"आत आहे ना?"

"हाय ना."

"मग निघालंय कसं?"

"सिस्टिममधी निघालंय. हितून नाशिकला जाणार, तिथून परत हितं येणार, मग तुमच्या घरी."

"भावेश, ते बघ माझं घर. ती बाल्कनी. माझी साडी वाळतेय तिथे."

"दिसतंय ना काकू," तो अगदी काकुळतीला येऊन म्हणाला. "मला दिसतंय. सिस्टिमला न्हाय दिसत."

दोघांच्या डोळ्यांसमोर माझे दोन्ही तळवे एका ट्रकमध्ये चढून नाशिकला गेले. ज्या मातीत माझे पाय घडले तिथपर्यंत ते आले आणि मला न भेटता गेले. मी परत रस्ता ओलांडला. या वेळी ट्रक थांबला नाही, मीच थांबले.

पार्सल नाशिक बघून परत आलं ते ईदच्या आदल्या संध्याकाळी. बूट आधीच आणले होते. मला साधे काळे हवे होते. माझ्या मापात मिळाले ते राखाडी, बाजूने गुलाबी पट्टा. नऊवारी मी सोडली त्याला जमाना झाला, पण पाचवारीखालीसुद्धा ते बूट असे दिसत होते की आत कुणीतरी दुसरंच उभं आहे. इनसोल घातले. पाय आत सरकवले. कमानीखाली काहीतरी हळूच वर आलं आणि त्याने मला धरलं. मी उभी राहिले, पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. टाचेतला खिळा कुणीतरी अर्धा उपसला होता.

डॉक्टरांनी बजावलं होतं, घरात अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. आणि इथे घरात शास्त्र आडवं आलं. रुचिका म्हणाली, बाहेरचे बूट आत चालणार नाहीत, आत देव आहेत. मग बाहेरचा एक जोड आणि घरातला एक जोड असं ठरलं. इनसोल मात्र एकच. दारात बसून या बुटातून काढायचे, त्या बुटात घालायचे. पहिल्याच सकाळी डावा उजव्यात गेला आणि उजवा डाव्यात, आणि मी दुपारपर्यंत घरभर अशी चालले की चंद्राबाई घाबरून म्हणाल्या, "कमळाताई, एका बाजूला का जाताय?" मला वाटलं, औषध लागू पडतंय.

ईद झाली. हबीबाचा फोन आला. "अदनानने श्रीवर्धनला उद्याचा टेम्पो सांगितलाय. येतंस का गो?"

डॉक्टरांनी इनसोलची सवय हळूहळू करा म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, "येते."

रुचिकाने मला स्कूटरवर नारपोलीला सोडलं. तिला बाजारात काम होतं, म्हणाली, तासाभराने येते. मी इमारतीखाली उभी राहिले आणि वर बघितलं. लूमचा आवाज चालू होता, खटाखट, खटाखट. या आवाजात माझ्या भावाची मुलं झोपायची.

मी चढायला लागले. टाच म्हणत होती, जरा बस. इनसोल म्हणत होते, चल. पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या वळणावर वरून कपाट आलं. कपाटाखाली दोन माणसं होती.

"दादी, पीछे हटो, पीछे!"

मागे म्हणजे खाली. आतापर्यंत चढलेल्या पायऱ्या परत उतरायच्या. मी कठडा धरला.

"नाही उतरणार," मी म्हटलं. "चढी हुई पायरी मैं वापस नहीं करेगी."

"दादी, कपाट भारी है!"

"मी हलकी आहे, पण मी आधी आले."

वरून अदनानचा आवाज आला, "कौन है नीचे?" त्याने वाकून बघितलं. "अरे, कमळामावशी! रुको रे, कपाट ऊपर लो. मावशीको आने दो." आणि ते कपाट, माझ्यासाठी, एक मजला मागे गेलं. आयुष्यात माझ्यासाठी कुणी एवढं जड काही हलवलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. दाराशी चपलांचा ढीग होता. मी वाकून नाड्या सोडल्या, बूट काढले, नीट शेजारी शेजारी ठेवले. डॉक्टरांचं वाक्य आठवलं. पण हबीबाच्या घरात बूट घालून जायचं? माझी आई वर बसून बघतेय.

आत रिकाम्या खोलीत एक खुर्ची होती आणि खुर्चीत हबीबा. केवढीशी झाली होती! तिने हात पुढे केला आणि मी तिच्याजवळ लादीवरच बसले.

"जाडी झालीस," ती म्हणाली.

"तू तुझ्या वाटणीचं पण मला सोडलंस म्हणून."

कप बांधून झाले होते. तिने चहा खालून मागवला, प्लास्टिकच्या पेल्यांत. एवढ्या वर्षांत तिच्या घरचा चहा मी फुलं काढलेल्या काचेच्या बशीतून प्यायले होते. ती म्हणाली, "चहा नीट देता आला नाही गो तुला." मी म्हटलं, "पाणी दिलं असतंस तरी चाललं असतं, पण घरात बसून."

खिडकीतून खाली आमचं घर जिथे होतं ती जागा दिसते. आता तिथे लूमचा शेड आहे, पण आमची विहीर बुजवली तिथे अजून जमीन थोडी खचलेली आहे. हबीबाने रोज खिडकीत बसून ती जागा बघितली होती. माझ्या माहेरावर नजर ठेवणारी ती एकटीच उरली होती. तिच्या आईच्या खारातल्या कोळंब्यांबद्दल बोललो. मास्तरांच्या टोपीबद्दल बोललो. मग दोघीही खिडकीकडे बघत बसलो, आणि लूम बोलत राहिले.

"चला अम्मी," अदनान म्हणाला. "टेम्पो निकल गया. गाडी नीचे खडी है."

दोन माणसांनी हबीबाला खुर्चीसकट उचललं. मी दाराशी आले आणि खाली बघितलं. लादी स्वच्छ होती. एकही चप्पल नव्हती. माझे बूट नव्हते.

"अदनान, इथे माझे बूट होते."

अदनानचा चेहरा उतरला. "मावशी... दरवाजेपर जो था, सब बोरीमें डाला." त्याने फोन काढला. "ड्रायव्हरको बोलतो, थांबवतो."

पण ड्रायव्हर फोन उचलत नव्हता. माझ्या मापाचे, माझ्याशिवाय जगात कुणालाही न चालणारे तळवे पुन्हा एका गाडीत बसून गावाला निघाले होते. मी जिना अनवाणी उतरले. एक हात कठड्यावर, एक हात हबीबाच्या खुर्चीवर. टाच ओरडत होती. हबीबा खुर्चीत राणीसारखी बसली होती आणि माझ्याकडे बघून रडता रडता हसत होती. "अशी काय चालतंस गो, कोंबडीसारखी?"

"तुझ्या घराने माझे बूट खाल्ले," मी म्हटलं.

तिला गाडीत बसवलं. काच वर गेली, मग परत खाली आली. तिने माझा पदर धरला होता, तो गाडी हलल्यावर सुटला.

रुचिका आली तेव्हा मी पायरीवर बसले होते. तिने माझ्या पायांकडे बघितलं आणि स्वतःच्या चपला काढून माझ्यासमोर ठेवल्या. अनवाणी पायाने तिने स्कूटर चालवली, काल्हेरला आमच्या घरापर्यंत.

काही दिवसांनी श्रीवर्धनहून फोन आला. हितेशनेच उचलला. "हो मावशी, सापडले का? वा! मी पत्ता पाठवतो, कुरियर करा. भिवंडीत लगेच येतं." मी त्याच्या हातातून फोन घेतला. माझी टाच परत पहिल्यासारखी झाली होती, सकाळी भिंत, टीव्ही, फ्रिज, सगळं परत सुरू झालं होतं.

"हबीबा," मी ओरडले, "बूट कुठे आहेत?"

"दारात," ती ओरडली. "दाराच्या बाहेर ठेवलेत, तू ठेवले होतेस तसेच. रमशा आत ठेवायला गेली, मी ठेवू दिले न्हाय."

"का गं?"

"येणारे-जाणारे विचारतात ना, कोण आलंय म्हणून. मी सांगते, कमळा आलीय नारपोलीची. आत बसलीय."

हितेश खुणेने विचारत होता, पत्ता पाठवू का? मी मान हलवली. नको.